लेकीशी बोलताना जाणारं नेट

बायको गेली आणि महिन्याभरात आमच्या घरचं नेट मधूनमधून जायला लागलं. आधी जात असेल तर मला माहीत नाही. लॅपटॉप तीच चालवायची. लेक परदेशी जाताना आपला जुना ठेवून गेली होती. रविवारी सकाळी चहा झाला की ही तो टेबलावर मांडायची, लेकीला लावायची, आणि मी बाजूला बसून हूं हूं करायचो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळा जन्म उज्जैनच्या कापडमिलमधे मागावर गेला. तरी हिने मला कुठे दाबायचं ते शिकवून ठेवलं होतं.

"उद्या मी नसले तर?" म्हणायची.

"नसलीस तर कोणाला बघायचंय त्यात?" मी म्हणायचो.

बघावं लागलं.

ही दिवाळीच्या तोंडावर गेली. लेकीला कळवलं तर ती फोनवर रडत म्हणाली, "बाबा, एक दिवस थांबा, मी निघतेच आहे." मी थांबलो नाही. अंधार पडायच्या आत चक्रतीर्थाच्या स्मशानात नेलं आणि मोकळा झालो. लेक पोचली तेव्हा राख शिप्रेत गेलेली होती. तेरावा होईपर्यंत राहिली, माझ्याशी कामापुरतं बोलली, परत गेली.

मग रविवारी ती स्वतःच लावायला लागली. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, मावशी पोळ्या बरोबर करतात का. इथपर्यंत नेट बढिया. मग तिचा आवाज बारीक व्हायचा. "बाबा, त्या दिवशी तुम्ही..." आणि गेलं. तिचा चेहरा उघड्या तोंडाने तसाच थांबलेला. मी इकडे दाब, तिकडे थापट. कधी लगेच परत यायचं, कधी येईपर्यंत ती उठून गेलेली असायची.

एका रविवारी ती स्पष्टच बोलली. "बोलायचं नसेल तर तसं सांगा. बंद कशाला करता?"

"मी नाही करत. नेट जातं."

"आईचा विषय निघाला की बरोबर जातं?"

"आता ते मी काय सांगू? मशीन आहे."

"मग राहू द्या रविवारचं. मीच करीन कधीतरी फोन."

तिचं कधीतरी मला माहीत आहे. माझ्यावर गेली आहे ती. आईच्या मागे हीसुद्धा गेल्यातच जमा, असं मला त्या दिवशी वाटलं. घरात दुसरं कोणी नाही बोलायला.

नेटवाल्याला बोलावलं. त्याने नेटचा डबा लोखंडी कपाटाच्या मागून काढून भिंतीवर ठोकला, वायर बदलली. "सिग्नल फुल है, दादाजी." तो गेला. त्या रविवारी मी लेकीला आग्रह करून बसवलं, आणि पुन्हा तेच. तिने पुढे काही विचारलंसुद्धा नाही.

मग लॅपटॉप पिशवीत घालून देवास गेटला दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने सकाळभर त्यावर नेटवरची भजनं चालवली. एकदाही तुटलं नाही.

"दादाजी, ये तो मक्खन चल रहा है. आपके घर में भूत-वूत है क्या?"

"भूत होता तो दो बातें तो करता," मी म्हणालो.

तो हसला. मी नाही हसलो. मिलमधे मागाचा धागा सारखा तुटायला लागला की फिटर माग उघडायच्या आधी विणकराला म्हणायचा, तू रोज उभा राहतोस तसा उभा रहा, रोज करतोस तसं कर. नुसता माग बघून दोष दिसत नाही. मी त्याला तेच सांगितलं. म्हटलं, मी घरी बसतो तसा बसतो, तू आत जाऊन तुझ्या मोबाईलवरून मला लाव. आणि हळू बोल.

तो आत जाऊन पुटपुटायला लागला. मला ऐकू कमी येतं. मी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला आणि कानाजवळ ओढला. गेलं.

"हाथ मत हटाना!" तो ओरडत बाहेर आला.

माझा अंगठा सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका बटणावर होता. त्याच्यावर विमानाचं चित्र. ते दाबलं की नेट बंद, पुन्हा दाबलं की चालू. लेकीचा आवाज बारीक झाला की मी असाच जवळ ओढायचो. म्हणजे बंद मीच करत होतो. लेक म्हणत होती ते खरं होतं.

"पर इतने से टच में बंद नहीं होना चाहिए," म्हणत त्याने ते बटण पातळ पात्याने उचललं. खाली तांदळाचा दाणा अडकला होता. लाल.

दसऱ्याला हिने लॅपटॉपची पूजा केली होती. मिलमधे आम्ही मागांची करायचो, ती हिने माझ्याकडूनच उचलली. ओलं कुंकू लावलेल्या अक्षता तिने मशीनवर वाहिल्या, आणि मी म्हणालो होतो, अगं, त्याला जेवायला घालतेस का?

दुकानदार दाणा फुंकणार होता. मी मागून घेतला आणि कुडत्याच्या खिशात टाकला. घरी येऊन खिसा उलटा केला तर नव्हता. टेंपोच्या गर्दीत कुठे पडला असेल.

रविवारी मी स्वतः लावलं. तिने उचललं. मी दाण्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता नाही जाणार?"

"नाही."

"मग सांगा. एक दिवस का थांबला नाहीत?"

मी हात मांडीवर ठेवले होते. नेट गेलं नाही.

"बघवत नव्हतं," मी म्हणालो. "तिला तशी बर्फावर ठेवून रात्रभर मी एकटा बसू शकलो नसतो. तुझा विचार नाही केला. माझा केला."

ती जराही हलली नाही. मला वाटलं, गेलं परत. पण तिच्या मागे खिडकीचा पडदा हलत होता.