लातूरच्या नकाशातला पांढरा तुकडा

“भावजी, तो नकाशा भिंतीवरून काढा! न्हाईतर मी चुलीत घालते!”

वहिनीचा आवाज पार रेणापूरपर्यंत गेला असावा. आणि धमकी पोकळ नव्हती. गॅसची टाकी चोरीला गेल्यापासून अंगणात चूल पेटतच होती. आज पाण्याची मोटर गेली होती, तिसऱ्यांदा. दोष अर्थातच चोराचा नव्हता. माझा होता.

कारण दादानं हे घर इथं बांधलं ते माझ्या शब्दावर. मी नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि प्रकल्प म्हणून लातूरच्या चोऱ्यांचा नकाशा करत होतो. पोलीस ठाण्यात जायचं, हवालदारांना चहा पाजायचा, दाखल तक्रारींतले पत्ते उतरवायचे आणि एकेका पत्त्यावर लाल टाचणी टोचायची. लातुरातल्या टाचण्या संपल्या, उदगीरहून मागवाव्या लागल्या.

नकाशा झाला तर काय, प्रत्येक ठाण्याभोवती टाचण्यांचं मोहोळ! ठाण्याच्या फाटकासमोर तर नव्या टाचणीला उभं राहायला जागा नाही. शहराबाहेर मात्र एक तुकडा पांढराशुभ्र, नुकत्याच धुतलेल्या धोतरासारखा. मी शास्त्रीय निष्कर्ष काढला: लातूरचा चोर स्वाभिमानी आहे. तो साहेबांच्या डोळ्यांदेखत काम करतो, आडबाजूला चोरी करणं त्याला कमीपणाचं वाटतं. सरांनी पाठ थोपटली. परीक्षकांनी तर उभं राहून हात जोडले.

दादा तेव्हा ठाण्यामागच्या गल्लीत भाड्यानं राहायचा. मी त्याला नकाशापुढं उभं केलं. “दादा, लाल दिसतंय तिथं तू राहतोस. पांढरं दिसतंय तिथं रामराज्य हाय.”

दादानं वाटणीचं शेत विकून रामराज्यात घर बांधलं. वास्तुशांतीला मी हाच नकाशा फ्रेम करून दिला.

मांडव उतरायच्या आत टाकी गेली. मग नळ, मग सायकल, मग दोरीवरचे कपडे. चोरांचं येणंजाणं इतकं वाढलं, की त्यांना वहिनीच्या हातची आमटी कशी वाटते एवढंच विचारायचं राहिलं होतं. समोरच्या गुरुजींचं तर दार चौकटीसकट गेलं. पाहुणे आता भिंत वाजवून आत येतात.

“शेत गेलं, आता घरबी चाललं,” वहिनी म्हणाली. “विकायचं म्हटलं तर घेणार कोण? तुम्हीच राहा हितं. मी चालले जुन्या गल्लीत.”

“थांबा वहिनी,” मी छाती पुढं काढून म्हणालो, “तुमच्या सगळ्या तक्रारी नकाशात टोचतो. लाल रंग बघून साहेब धावत येतात का न्हाई बघा. हितं चौकीच बसवतो! दादा, किती तक्रारी दिल्यास?”

दादा फाटकाला तार गुंडाळत होता. “एकबी न्हाई.”

“आणि गुरुजींनी?”

“हितनं कुणीच देत न्हाई,” दादा म्हणाला. “ठाण्यात जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात.”