आमची दोन मतं

लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण सासरच्या सिनेमाच्या गोष्टी इतक्या साठल्यात की मी माहेरी जळगावला फोन केला की आई तब्येत नंतर विचारते. आधी विचारते, "नाना काय म्हणाले?"

आमच्या पारोळ्याच्या घरची रीत अशी: थंडीत शेतात भरीत पार्टी, आणि वांगी भाजेपर्यंत वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा कोणता यावर मतदान. ज्यांचा सिनेमा हरेल त्यांनी सगळ्यांचं भरीत कुटायचं. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, नाना, दरवर्षी एकटे पडतात. त्यांचे दंड बघितले की कळतं.

*

सासरे, म्हणजे आबा, सिनेमातलं आधी शेत बघतात. यंदा एक प्रेमकथा त्यांनी मध्यंतरातच बाद केली. हिरॉइन कापसात गात होती.

"इकडे बोंडं फुटलीत आणि शेजारी पेरणी चालूय. कोणतं गाव आहे हे?"

पुढे ती मेली, तरी आबांना वाईट वाटलं नाही.

*

नाना थिएटरात जातच नाहीत. फोनवर ट्रेलर बघतात.

"बठ्ठा सिनेमा ट्रेलरमाच शे. सगळा त्यातच येतो; बाकीचं लोकांना घरी लवकर जाता येऊ नये म्हणून टाकतात."

मी एकदा त्यांना एका सिनेमाचा शेवट विचारला. त्यांनी बेधडक सांगितला. सिनेमातल्यापेक्षा बरा होता.

*

सासूबाईंना थिएटरात अंधार झाला की झोप लागते. धुळ्याला मारामारीचा सिनेमा पाहिला, तेव्हा मात्र बिचाऱ्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "काय तो धिंगाणा. कोर्टाचा सिनेमा किती शांत होता."

*

तो कोर्टाचा सिनेमा माझ्या नवऱ्याचा, प्रशांतचा, लाडका. साखरपुड्यानंतर आम्ही दोघांनी तो जळगावला पाहिला. मी डोळे पुसत होते, हे त्याने अजून लक्षात ठेवलंय. जांभयांनीही डोळ्यांत पाणी येतं, हे नव्या माणसाला कसं सांगणार?

*

तर यंदाचं मतदान. शेवटी दोनच उरले: नानांचा मारामारीचा आणि प्रशांतचा कोर्टाचा.

आबा वांगी उलटत म्हणाले, "कोर्टाचा. त्यात शेत नाही, म्हणजे चूक नाही. आमची दोन मतं." सासूबाईंकडे त्यांनी बघितलंही नाही. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय म्हणे.

प्रशांतने लगेच री ओढली. "आमची पण दोन."

नाना गुपचूप मुसळ पुसायला लागले.

या घरात मला मोठ्याने बोलताना अजून कोणी ऐकलेलं नव्हतं. पण आज गप्प बसले असते, तर पुढची सगळी वर्षं 'आमची दोन'मध्येच गेली असती.

"माझं नानांच्या सिनेमाला," मी म्हणाले.

प्रशांत बघतच राहिला. "अगं, रडली होतीस ना तू?"

"जांभया येत होत्या."

नाना खूश झाले. "तरी तीन-दोन होतात, बेटा. कुटतो मी."

तेवढ्यात मिरच्या भाजणाऱ्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मनं मत बी नानालेच."

मग आबा म्हणाले, "तू तर सिनेमात झोपतेस."

"त्या एकातच जागी होते."

आणि सासूबाईंनी नानांच्या हातातलं मुसळ घेतलं, पदराने पुन्हा एकदा पुसलं आणि आबांच्या पुढ्यात ठेवलं.