मामांनी पारखलेला कॉम्प्युटर

नव्या वस्तूचा पाणउतारा करण्यात आमच्या हिच्या मामांना सबंध सांगली जिल्ह्यात तोड नव्हती. नवी चप्पल आणली की ती आधी महिनाभर शेजाऱ्याला वापरायला द्यायची, तिचा चावरेपणा त्याच्या टाचांवर निघाला की मग स्वतः घालायची. नवा कुकर त्यांनी सहा महिने माळ्यावर टाकला होता आणि तोवर मामी पातेल्यात डाळ शिजवत नशिबाला बोल लावत होत्या. "पयला मालक मेल्याबिगार वस्तूचा गुण कळत न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहिलं होतं. मीही नवाच होतो ना.

मामा पॅटर्न करत. म्हणजे फौंड्रीत पंपाचे भाग ओतायला लागतात ते लाकडी साचे. चाळीस वर्षं फौंड्रीवाले त्यांचा साचा न मोजता उचलायचे. पण साठी उलटली आणि उजवा हात कापू लागला. चहाची बशी जिथं वाजायची तिथं पटाशी काय धरणार? कुणाला हाताशी घ्यावं तर शिकवलेल्या तिघांनाही गाढव ठरवून त्यांनी हाकललेलं. म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं यंत्र जुळवायला घेतलं, भंगारातल्या मोटारी आणि मोडक्या लेथचे स्क्रू जमवून. हे चाललं तर मामांचं काम राहणार, नाहीतर मामा दिवसभर ओट्यावर बसून आल्यागेल्याची अक्कल काढणार. या दुसऱ्या शक्यतेला सगळी गल्ली घाबरून होती.

मी साताऱ्याला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर होतो, म्हणजे सासुरवाडीचा विद्वान. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी नुकताच घरी कोरा करकरीत कॉम्प्युटर घेतला होता. तो गाडीत घालून मी सांगलीला नेला आणि हा एका वेळी दहा कामं करतो, असं तोऱ्यात सांगितलं. दहा कामं करणारा गडी एकही धड करत नाही, असं मामा पुटपुटले. मी हसण्यावारी नेलं. तो यंत्राला जोडला, मोटारी फिरल्या, अर्धं वर्तुळ सुरेख कोरलं गेलं, आणि तेवढ्यात पडद्यावर आपोआप स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहायला लागले. कॉम्प्युटर माशांत रमला, मोटार अडखळली, वर्तुळाला पोक आलं आणि मामांनी जिवापाड जपलेलं सागवान वाया गेलं. मामा पडद्याजवळ वाकले. "मासं झ्याक हायती, पावणं," ते म्हणाले. "आता पंपाचं काय ते बगा." पुढं सासरच्या प्रत्येक लग्नात पंगतीला हा किस्सा वाढला गेला.

मग एकच काम मन लावून करणारा जुना, डॉसवाला कॉम्प्युटर शोधणं आलं. पाचगणीच्या एका शाळेनं जुने थ्री-एटी-सिक्स कॉम्प्युटर विकायला काढलेत, ही बातमी मीच आणली. मामांनी तिथं बैलबाजार भरवला. प्रत्येक डब्याभोवती फेरी मारली, पाठीवर थाप दिली, कान लावून आतल्या पंख्याचा श्वास ऐकला, कामात मध्येच बसतो का म्हणून चौकशी केली. मी चार पावलं लांब उभा राहून, हे गृहस्थ आपले कुणी नव्हेत असा चेहरा केला. सौद्याच्या वेळी तर त्यांनी हातावर टॉवेल टाकून तो हात शाळेच्या कारकुनापुढं केला. बैलाचा भाव असाच ठरतो, तोंडानं न बोलता, कापडाखाली बोटं दाबून. कारकून निघाला जतचा, मेंढरांच्या बाजारात वाढलेला. त्यानं मुकाट टॉवेलखाली हात घातला, पण थोड्या वेळानं तो वैतागला. घडीत एक सांगता, घडीत दोन सांगता, काय ते एकदा ठरवा, असं म्हणाला. मला हसू आवरेना. मग त्याच्याच ध्यानात आलं की भाव बदलत नव्हता, बोटं थांबत नव्हती. त्यानं टॉवेल तसाच राहू दिला, आत मामांची बोटं घट्ट धरली आणि हळूच म्हणाला, "समजलं, मामा. दिला." परतीच्या एसटीत मामा तो डबा मांडीवर घेऊन बसले. मला माझ्या हसण्याची लाज वाटत होती.

त्या कॉम्प्युटरला हिरव्या अक्षरांखेरीज काही दाखवता येत नव्हतं, आणि समोरच्या कामाशिवाय त्याला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. म्हणजे मामांचंच भावंड. मामींनी त्याला हळदकुंकू लावलं, मी यंत्र चालू केलं, आणि दुपारपर्यंत पंपाच्या पंख्याचा साचा तयार झाला. मामांना कॅलिपर स्थिर धरता येईना, म्हणून मीच मोजून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता. आता त्या माशांचा विषय निघणार, या तयारीनं मी त्यांच्याकडे पाहिलं. पण ते साचा नुसता उलटासुलटा करत होते.

"लय चांगला झालाय," ते म्हणाले. "फौंड्रीत कुणी केला म्हणून सांगू, पावणं?"

एवढा फटकळ माणूस, आणि माझ्याकडं उत्तर मागत होता.

"तुम्हीच केलात की, मामा," मी म्हणालो.

मामांनी उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला आणि दुसरं लाकूड लावायला सांगितलं.