झेंडूच्या माळेमागचा आकडा

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिच्यापासून माझं काहीच लपलेलं नाही त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही सुधाकरभाऊंना कधी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासमोर हे बोलायची माझी छाती होत नाही.

भाऊ हिंगणीचे. मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा कुठलाही कोर्स न करता, नागपूरच्या एका दुकानात नुसतं उभं राहून, बघून बघून शिकले. एसटीनं आमच्या सेलूला यायचे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय? एक पेचकस, रंगकामाचा जुना ब्रश आणि शाळेतल्या पोरांचं खोडरबर. मशीन बंद पडलं की मेमरीची पट्टी काढायचे, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासायचे, परत बसवायचे — आणि मशीन सुरू. मला त्याचं अजून अप्रूप वाटतं. डिस्कचा आवाज ऐकून ती किती दिवस टिकेल ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सेलूच्या ज्या प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवायची, तिथलं फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर भाऊंनीच एकेक भाग आणून जोडलेलं होतं. कॅबिनेटच्या तोंडावर लाल आकडा पेटायचा — ६६. त्याच्या शेजारी टर्बोचं बटण. ते दाबलं की आकडा ३३ व्हायचा आणि मशीन रखडायला लागायचं. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखं. जुने काही प्रोग्राम वेगात चालत नाहीत म्हणून ते ठेवलेलं असतं, असं भाऊ सांगायचे. आम्ही कुणी त्याला हात लावत नव्हतो.

मग त्याच्या पुढचा, पेंटियम आला. वर्ध्याला एका ठिकाणी मी तो पाहिला. फोटो टाकलेलं अख्खं पान त्याच्यावर झर्रकन उमटायचं. आमच्याकडे तेच पान वरून खाली, पडदा सोडल्यासारखं. मला तो प्रोसेसर हवाच झाला. का? काम तर अडत नव्हतं. पण माझे हात भरभर चालायचे, आणि हे मशीन मला मागे ओढतंय असं वाटायचं. गर्व होता, दुसरं काही नाही.

प्रेसच्या मालकांना आम्ही काकाजी म्हणायचो. घ्यावा की नाही, हे त्यांनी भाऊंना विचारलं. दुसऱ्या कुणी नवं मशीन गळ्यात मारलं असतं. भाऊ म्हणाले, "नवा प्रोसेसर भारीच आहे, काकाजी, नाई म्हणत नाई. पण तुमच्या कामाले याच्यातच मेमरी वाढवली तं पाच वर्षं पाहा लागत नाई." शेवटी ठरलं — दसऱ्याला नागपूरचा माणूस पेंटियम घेऊन येईल, दोन्ही मशीनवर एकच पान उघडायचं, आणि मग बघू. परीक्षा खरं तर भाऊंच्या शब्दाची होती. काकाजी ज्याला ठेवतील त्यालाच सेलूचा निम्मा बाजार ठेवायचा.

आदल्या दिवशी भाऊंनी येऊन मेमरी टाकली. पान खरोखरच पटकन उघडायला लागलं. मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? माझं तोंड उतरलं.

दसऱ्याला पूजा झाली. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, आपट्याची पानं आणि झेंडूची जाड माळ. माळेनं कॅबिनेटचं तोंड झाकलं, आकडाही झाकला. भाऊंनी आपलं पेचकसही पूजेत ठेवलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा त्यांचा नेम. मग सगळे प्रसादाला मागच्या खोलीत गेले. आणि मी — मी माळेखाली हात घातला.

पेंटियमवर पान क्षणात आलं. आमच्या मशीनवर येता येईना. काकाजी पडद्याकडे नाही, भाऊंकडे बघत होते. भाऊंनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. "काल तं बरोबर चालून राह्यली होती. काऊन असं करते?" बटणाचा विचार त्यांच्या मनात आला नसेल? नसेल. कुणी हात लावेल असं वाटलंच नसेल. त्यांनी पेचकसाकडे पाहिलं. उचललं नाही.

माझं एक वाक्य पुरलं असतं.

"माहंच काई चुकलं असन, ताई," ते मला म्हणाले. "तुमाले उगाच त्रास झाला."

काकाजींनी पेंटियम घेतला. जुनं मशीन भाऊंना देऊन टाकलं, माळेसकट. मग प्रेसचं काम नागपूरच्या माणसाकडे गेलं, आणि बघता बघता बाजारातल्या बाकीच्यांचंही. भाऊंची सेलूची फेरी बंद झाली. आणि मी? मी पेंटियमवर खूश होते. खोटं कशाला सांगू, फार देखणं काम व्हायचं त्याच्यावर.

सात-आठ वर्षांनी हिंगणीला एका लग्नाला गेले, तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. ओसरीवर तेच मशीन, चालू. भाऊ त्याच्यावर गावातल्या मुलींना टायपिंग शिकवत होते, कुणाकडून काही न घेता. लाल आकडा ६६. आणि टर्बोच्या बटणावर चिकटपट्टी, कडा काळ्या पडलेली, कित्येक वर्षांची. घरी नेऊन माळ काढली तेव्हाच त्यांना कळलं होतं. तरी सेलूला येऊन ते कुणाजवळ एक शब्द बोलले नव्हते.

मी पट्टीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. चहा पुढे करत म्हणाले, "चुकून दबते, ताई. कोणाच्याही हातानं."

मी चहा घेतला. चांगला झालाय म्हटलं, आणि निघाले.

चुकून दबलं नव्हतं. मी माळ बाजूला केली होती, आकडा ३३ झालेला बघितला होता, आणि मग माळ पुन्हा होती तशी सारखी करून ठेवली होती.