आईला ऐकू येतं

माणसाला बोललेलं कळतं कसं, हा माझा विषय. आयुष्य त्यात गेलं. माणसांना हेडफोन लावायचे, गोंगाटात मिसळलेले शब्द ऐकवायचे आणि काय कळलं ते विचारायचं. आई गावभर सांगायची, "माझी पोर लोकांचे कान तपासते." कान नव्हे गं, कानाच्या पुढचं, हे सांगून मी थकले. तिला काही ते पटलं नाही.

मग तिच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, तिचं बोलणंही वाचलं, पण आपण बोललेलं तिला कळेना. ती रोह्याला भावाकडे असते. तो शिफ्ट संपवून आला की घसा ताणून तिच्याशी बोलायचा. पेणला नेऊन कान तपासले, तर कान ठणठणीत. "मग आपलं बोलणं तिला कळत का नाय?" भावाने फोनवर विचारलं. मी हे दुखणं वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले आहे. आवाज पोचतो, त्याचे शब्द होत नाहीत. भावाला हे सांगताना मला रडू आवरलं नाही.

रोह्याला गेले. सवय वाईट. ओठांवरून ओळखता येऊ नये म्हणून आम्ही चाचणीत तोंडासमोर कागद धरतो. मी पेपर धरला आणि "आई" म्हटलं. तिने तो खाली ओढला आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"जेवलीस का गो?"

"जेवले."

तिने पुन्हा विचारलं. मी मान हलवली.

"मुंडी काय हलवतेस? बोल की!"

तिला अक्षरओळख नाही, त्यामुळे लिहून दाखवायचीही सोय नव्हती. शेवटी ताट वाढून घेतलं आणि भरल्या पोटी तिच्यासमोर भात खाल्ला. तेव्हा कुठे ती निवांत झाली.

मग तिने माझा हात धरला. "ही सगळी माझ्यापासून लपवून, कसल्या परक्या भाषेत बोलतात गो. काय मोठं दुखणं झालंय का मला? तू तर हेच शिकलीस ना? तू तरी खरं सांग."

मला खरं माहीत होतं, अगदी नेमकं माहीत होतं. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगू लागले. ती जीव एकवटून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तू पण त्यांच्यातलीच," ती म्हणाली, आणि माझा हात सोडला.