सिनेमातला अर्ज

मित्राच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्यात झालं आणि पुढचे काही आठवडे ती तिथंच आमच्या घरी राहिली. त्यांचं गाव धावडा, भोकरदन तालुक्यात. तिथून दर दोन दिवसांनी तपासणीसाठी येणं तिला झेपलं नसतं. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणतो. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घालायचे होते. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही. निघताना डॉक्टर हसत म्हणाले, "आणि आजी, रडायचं बिलकुल नाही."

मावशीनं ते मनावर घेतलं. मी तिच्याहून जास्त घेतलं, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि तिला ती माहीत नव्हती.

तिचा मुलगा आणि मी धावड्याच्या शाळेत दहावीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी भोकरदनला कॉलेजला गेलो आणि तो आयटीआयला. माझ्या पदवीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी एसटी बंद होत्या. हा कुणाची तरी मोटारसायकल मागून आणून दारात उभा राहिला, मला परीक्षा केंद्राच्या गेटावर सोडलं आणि तीन तास बाहेर लिंबाखाली बसून राहिला. बाहेर आल्यावर विचारलं, "सगळं लिव्हलं ना? काही सोडलं तर न्हाई?" आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आज मी एका शाळेत लिपिक आहे. त्या पदवीतले ते तीन तास त्याचे आहेत, हे मी कधी विसरलो नाही.

तो दोन वर्षांपूर्वी आखाती देशात ड्रायव्हर म्हणून गेला. पहिलं वर्ष बरं गेलं. मग फोन कमी झाले. मावशीचं ऑपरेशन ठरलं त्या सुमारास मला एका अनोळखी नंबरावरून त्याचा फोन आला, अर्ध्या मिनिटाचा. "ड्रायव्हरचं काम न्हाई आता, उन्हात पोती उचलायचं हाय. परत जातो म्हणलं तर मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला, मोबाईलबी घेतला. बाहेर सोडत न्हाईत. मायला सांगू नको. तिचा डोळा होऊ दे आधी." त्यानंतर त्या नंबरावर मी रोज फोन लावला. कुणी उचलला नाही.

मावशीला मी सांगितलं की त्याचा मोबाईल बिघडलाय आणि तिकडे दुरुस्त करणारा लांब असतो. तिनं विश्वास ठेवला. मी कुठं तक्रार करायची ते शोधून ठेवलं होतं. पण तिथं पासपोर्टचा नंबर लागत होता आणि अर्जदार घरचा माणूस हवा होता. पासपोर्टची झेरॉक्स धावड्यात तिच्या पेटीत, किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला. सांगितल्याशिवाय काहीच मिळणार नव्हतं आणि सांगितलं तर ती रडली असती. डोळा एकदा बरा झाला की सांगू, असं मी रोज स्वतःला सांगत होतो. असे तीन आठवडे गेले.

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती. केबलचा रिचार्ज संपलेला, म्हणून बायकोनं मोबाईल टीव्हीला जोडून एक इंग्रजी सिनेमा लावला. तिला मारामारीचे सिनेमे फार आवडतात, मला झोप येते. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की गोष्ट कशाची आहे. चार दोस्तांमधला एक परदेशात पळवून नेला जातो आणि बाकीचे तिघं त्याला सोडवायला निघतात.

"दुसरं काही लाव," मी म्हणालो.

"राहू दे रे," पलंगावरून मावशी म्हणाली. "गाड्या पळून राह्यल्यात, बरं वाटून राह्यलं. एका डोळ्याला गाड्या दिसतात, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो." दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, तो पुढच्या वर्षी काढायचा होता. "कोन रडून राह्यलं?"

पडद्यावर पळवलेल्या मुलाची आई फोन धरून रडत होती.

"बायको आहे," मी म्हणालो. "नवऱ्याशी भांडली."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठला सिनेमा बघताय?"

"आन् हा खुर्चीत कोन बसलाय? बांधलाय का काय?"

"नाही मावशी, पट्टा आहे. गाडीत असतो तसा."

"घरात बसल्या बसल्या गाडीचा पट्टा?"

"तिकडे नियम कडक असतात," बायको म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. तिनं तोंडावर पदर धरला, पण तिचं हसू लगेच विरलं.

"मंग घरी का जात न्हाई ह्यो?"

तीन आठवडे जे डोक्यात फिरत होतं तेच तोंडून निघालं. "कामाला गेलाय तिकडे. मालकानं कागद ठेवून घेतलेत. सोडत नाहीत."

"आरं देवा," मावशी म्हणाली आणि उशीला टेकून नीट बसली. आता तिला गोष्टीत रस आला होता.

पडद्यावर तिघं दोस्त टेबलावर नकाशा पसरून वाकले होते. एकानं पेन काढलं.

"आता काय करून राह्यले?"

"अर्ज लिहितायत."

हे मी का म्हणालो ते सांगणं अवघड नाही. गावात कुणाला काही अडलं की मी अर्जच लिहितो. पीकविम्याचा, रेशनकार्डात नाव चढवायचा, विजेच्या खांबाचा. सुट्टीला गेलो की ओट्यावर चार माणसं कोरे कागद घेऊन आलेली असतात. मावशीचे स्वतःचे तीन-चार अर्ज मीच लिहिलेत. माणूस सोडवायला आमच्या ओळखीचा रस्ता तो एकच होता.

"बराबर केलं," ती म्हणाली. "काय लिव्हलं? वाचून दाखव."

बायकोनं आवाज कमी केला. मी पडद्याकडे बघत सुरू केलं. "प्रति, माननीय राजदूत साहेब. विषय, आमच्या मित्राला परत पाठवण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की…"

"गाव, तालुका, जिल्हा घातला का?"

"त्यांच्यात तालुका नसतो मावशी."

"मंग पोष्टमन कसा सापडवतो घर? घालायला लाव."

"घातला. पुढे लिहिलंय, आमचा मित्र दोन वर्षांपासून तिकडे ड्रायव्हर म्हणून कामाला आहे. सध्या त्याच्याकडून ठरल्यापेक्षा वेगळं, उन्हातलं जड काम करून घेतलं जातं. त्याचा पासपोर्ट आणि मोबाईल मालकानं काढून घेतला आहे. त्याची परत येण्याची इच्छा आहे. तीन आठवड्यांपासून त्याच्याशी संपर्क नाही. त्याच्या जिवाला धोका आहे की नाही हेसुद्धा आम्हाला कळायला मार्ग नाही."

तीन आठवडे मी जो अर्ज लिहायला बसत नव्हतो तो मी तोंडी पुरा केला होता, एकही शब्द न खोडता.

"चांगलं लिव्हलं," मावशी म्हणाली. "सही कुणाची?"

"दोस्तांची."

"दोस्ताची सही कोन मानतंय? साहेब इच्यारील ना, तू कोन लागतो म्हणून. त्या पोराला माय न्हाई का?"

"आहे."

"मंग तिची घे म्हणावं."

"तिला सांगितलं नाही अजून."

"का बरं?"

पडद्यावर हेलिकॉप्टर उतरत होतं, तिघांच्या हातात बंदुका आल्या होत्या. बायकोनं टीव्ही बंद केला.

"सांगा आता," ती मला म्हणाली.

मी पलंगाजवळ खाली बसलो आणि मावशीला सांगितलं. फोन कधी आला, तो काय म्हणाला, सगळं जसंच्या तसं. मोबाईल बिघडला हे मी रचलं होतं, तेही सांगितलं. तिचा हात चष्म्याकडे गेला. मी मनगट धरलं.

"डोळ्याला हात नको मावशी."

"न्हाई लावत. सोड."

मी सोडलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. बायको पाणी घेऊन आली, ते तिनं घेतलं नाही.

"तीन हप्ते झाले?"

"हो."

"माझ्या डोळ्यासाठी?"

"त्यानंच सांगितलं होतं."

"त्यो येडा हाय. तू तं शिकलेला हाय ना रे." आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी या आवाजात बोलली. "मला दुसरा डोळा हाय. दुसरा पोरगा हाय का?"

तो उशीर माझा होता आणि त्याला मी भल्याचं नाव दिलं होतं.

ती रडेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ते तिला कळलं असावं. "बघू नको असा. डागतरानं न्हाई म्हणलंय, न्हाई रडत मी. ऊठ, कागद आण. आत्ता म्हणत होता तसंच लिव्ह. बराबर होतं ते. तालुका घाल."

तिनं गळ्यातला दोरा काढून किल्ली माझ्या हातात दिली. पेटीत लग्नातल्या शालूखाली प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात त्याचे कागद आहेत, शालू विस्कटू नको, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी पहाटेच मोटारसायकलवर धावड्याला गेलो. भोकरदनच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, धुळीनं पुढचं दिसत नव्हतं. झेरॉक्स सापडली. दुपारपर्यंत परत आलो. मावशीनं अर्जावर सही केली. काळ्या चष्म्यातून ओळ दिसेना, म्हणून बायकोनं तिचं बोट नेमक्या जागी ठेवून दिलं. तिची सही म्हणजे सुटी सुटी अक्षरं, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. एका अक्षराचा काना ओळीखाली गेला. "दुसरा कागद घेऊ का?" मी विचारलं. "कशाला? वाचता येतंय ना?"

परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर मी तक्रार भरली, दूतावासाला ईमेल पाठवला आणि मावशीच्या हट्टामुळे कलेक्टर कचेरीतही एक प्रत दिली. पोच घेतल्याशिवाय यायचं नाही, असं तिनं सांगितलं होतं. आवक विभागातल्या बाईंनी अर्ज पुरता वाचला. त्यांनी शिक्का मारला आणि पुढचे दोन अर्ज बाजूला सारून आमचा आत पाठवला. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

मग वाट पाहणं सुरू झालं. सिनेमावाले दोन तासांत मोकळे होतात. आम्हाला सात आठवडे लागले. दर दोन-तीन दिवसांनी मी ईमेल करायचो. दूतावासातून एका साहेबांचा हिंदीत फोन आला, "आप कौन लगते हैं उनके?" मी म्हणालो, अर्ज आईचा आहे, मी लिहून दिलाय. ते म्हणाले, ठीक आहे, आईला फोनवर घ्या. एव्हाना मावशी धावड्याला परतली होती. मी तिचा नंबर दिला. नंतर तिनं सांगितलं की साहेबांनी तिला पोराची ओळख विचारली आणि तिनं त्याच्या डाव्या भुवईवरची खूण सांगितली. लहानपणी बैलगाडीवरून पडला होता.

तपासणीची शेवटची तारीख होती म्हणून मावशी पुन्हा जालन्यात आली होती. डॉक्टरांनी डोळा छान बरा झाला म्हणून सांगितलं, काळा चष्मा काढला. घरी येऊन आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. दूतावासानं त्याला कंपनीच्या वस्तीतून बाहेर काढून एका निवाऱ्यात ठेवलं होतं, पासपोर्ट परत मिळाला होता, तिकीट व्हायचं बाकी होतं. पडद्यावर तो दिसला. काळवंडला होता, गालफडं बसली होती, दाढी वाढलेली. मला वाटलं होतं, तो माझे आभार मानेल, म्हणजे मी तयारी करून ठेवली होती की तो आभार मानेल तेव्हा आपण काय म्हणायचं.

"तुला न्हाई म्हणलं होतं ना मी," तो म्हणाला.

"हो."

"मायला सांगू नको म्हणलं होतं ना? मंग? एक गोष्ट सांगितली होती तुला."

मी काही बोलायच्या आत मावशीनं माझ्या हातून मोबाईल ओढून घेतला. "त्याला काय बोलून राह्यला? मला बोल. मी काय काचेची हाय का, फुटाया? बापाला अग्नी दिला तव्हाबी मीच हुभी हुते ना तुझ्या मागं?"

मग तो म्हणाला, "डोळा कसा हाय?"

"दिसून राह्यला तू. दाढी कर. जेवला का?"

"जेवलो."

"काय जेवला?"

तिनं मोबाईल तोंडाशी इतका जवळ धरला होता की त्याला नुसतं तिचं कपाळ आणि पांढरे केस दिसत असणार. मी तो तिच्या हातून हळूच घेतला आणि लांब धरला, तिचं पूर्ण तोंड त्याला दिसेल असा. ती त्याला भाताबद्दल विचारत राहिली, पाण्याबद्दल, झोपायला काय दिलंय त्याबद्दल, सोबत कोण आहे, त्यांच्या घरच्यांना कळलंय का, नसलं कळलं तर त्यांची नावं-गावं सांग, आमचा मास्तर अर्ज लिव्हून देतो. मी मास्तर नाही, लिपिक आहे. ते तिला दहादा सांगून झालंय.

पलीकडून त्यानं दोघांची नावं सांगितली. मी मोबाईल डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं बायकोकडे पेन मागितलं.