पांढरं विमान येत होतं की जात होतं?

मंडळी, सकाळचा प्रकार डोक्यातून जाईना, म्हणून लिहून राह्यलो.

आमच्या सूनबाईला रिमोटवर उडणारं पहिलं विमान घ्यायचंय, तेही एकावर एक दोन पंखांचं, बायप्लेन. तिला पांढरंशुभ्र आवडलं. सावकाश उडतं, शिकायला बरं, म्हणून मीही हो म्हणालो. घेण्याआधी मित्राचं तसलंच मागून जाफराबादजवळच्या माळावर गेलो.

आभाळ धुरकट पांढरं होतं, वारा बिलकुल न्हाई. रिमोट सूनबाईच्या हातात होता. विमान वर गेलं अन् एका जागी थांबल्यासारखं दिसू लागलं.

"बाबा, हे जाऊन राह्यलंय का येऊन राह्यलंय?"

इतकी वर्षं उडवतो, पण मलाच कळेना. तरी म्हणालो, "जाऊन राह्यलंय. डावीकडं घे."

तिनं डावीकडं घेतलं, ते उजवीकडं सरकलं. जसं दुसरंच कुणी चालवत होतं. मंग ते हळूहळू मोठं होऊ लागलं.

"बाबा, खाली बसा!"

डोक्यावरून वाऱ्याचा झोत गेला अन् विमान मागच्या तुरीत पडलं. ते आमच्याकडंच तोंड करून येत होतं, म्हणून डावं-उजवं उलटं दिसलं.

सूनबाई हसून म्हणाली, "पिवळंच घेऊ, पोटाखाली काळ्या पट्ट्यांचं. पांढऱ्या आभाळात तोंड कुठं ते तरी कळंल."

मला मात्र हसू येईना. ठाऊक नसताना मी इतकं ठासून 'जाऊन राह्यलंय' कसं म्हणालो? तुमच्या तोंडून असं कधी निघालंय का?